सुंदरम्माची बेल

१

माझी बायको सुंदरम्मा गेली त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो होतो. गिरणीचा पट्टा तुटला आणि नवा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. दळण ठेवून गेलेल्या बायकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

दुपार उलटली होती. जिन्यात शेंगा भाजल्याचा वास होता. दार लोटलेलं होतं. टीव्हीवर इंटरनेटवरची बसवण्णांची वचनं लागली होती. सुंदरम्मा दुपारभर तीच ऐकायची. स्वयंपाकघरात केराबाई भांडी घासत होती.

"आज लौकर आलासा?" ती म्हणाली.

"ही झोपली का?"

"व्हय, मगाधरनं."

मी आत गेलो. सुंदरम्माचं तोंड भिंतीकडे होतं. डावा हात पलंगाखाली लोंबत होता. पक्षाघातानंतर तेवढाच हात चालायचा. बेलचं बटण खाली फरशीवर पडलं होतं. हात उचलून गादीवर ठेवायला गेलो तर तो गार लागला.

डॉक्टर आले. दुसरा झटका असावा, जाऊन बराच वेळ झालाय, म्हणाले. लगेच दवाखान्यात नेलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून पिशवीत ठेवला. "ते आता कसं सांगू?" म्हणाले.

कुमारला, माझ्या मुलाला, पुण्याला फोन केला. तो आधी रडला. मग म्हणाला, "अप्पा, मी दुपारी तीनदा कॅमेरा उघडायला बघितला. बंद होता. कुणीतरी मुद्दाम बंद केला होता."

२

हे सगळं कुमारनंच बसवून दिलेलं होतं. पलंगासमोर एक कॅमेरा. उशाशी ते बटण. सुंदरम्मानं बटण दाबलं की माझ्या फोनवर आणि केराबाईच्या फोनवर बेल वाजायची. दोन्ही घरातल्या वायफायवर चालायचं. मी दिवसभर गिरणीत, केराबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात. सुंदरम्माला नीट बोलता येत नव्हतं. हाक म्हणजे ते बटण.

महिना-दोन महिन्यांपूर्वी कुमारनं पुण्यात बसून, फोनवरूनच राउटरला नवा अपडेट दिला. त्यानंतर कॅमेरा मधेच जायचा, मधेच यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी. सोमवारी मात्र कधीच नाही.

माती झाल्यावर कुमारनं या सोमवारावरच बोट ठेवलं. बिल्डिंगमधली माणसं बसली होती.

"सोमवारी गिरणी बंद. अप्पा घरी. त्या दिवशी वायफाय ठणठणीत. बाकीच्या दिवशी अप्पा बाहेर पडले की वायफाय जातो. याचा अर्थ काय? ही बाई राउटरचं बटण बंद करून फिरायला जाते. मी कॅमेऱ्यातून बघू नये म्हणून."

केराबाई दाराशी उभी होती. "देवाशपत न्हाय," एवढंच म्हणाली.

कुमारनं तिला कामावरून काढलं आणि पोलीस चौकीत अर्ज दिला. ती आणखी दोन घरी सकाळचं काम करायची. त्यांनीही तिला नको म्हणून सांगितलं. तिचा नवरा धुळा मेंढरं घेऊन भीमेकडं गेलेला. घरात कमावणारी तीच.

आणि केराबाई गेल्यापासून वायफाय एकदाही तुटला नाही. कुमारनं पुण्याला जाताना तेही मला दाखवलं. "बघा. बाई गेली, राउटर सुधारला. अजून काय पुरावा पाहिजे?"



३

शिवानी माझ्या मेव्हण्याची मुलगी. इथल्याच एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं जाळं सांभाळते. सुंदरम्मा तिची आत्या; आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. बोलायला फटकळ. मातीला आली तेव्हा काही बोलली नाही. चार दिवसांनी आली आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "मामा, तुम्ही आलात तेव्हा टीव्ही चालू होता ना?"

"होता."

"वचनं चालली होती? की गोल गोल फिरत होतं?"

"चालली होती. शेवटी मीच बंद केला."

"मग राउटर बंद नव्हता. तुमचा टीव्ही त्याच वायफायवर चालतो. एकदा तुटला की आपोआप सुरू होत नाही, तो जुना आहे. आत्या मला नेहमी हातानं खूण करायची, लाव म्हणून." ती थांबली. "कुमारला निकाल लावायची घाई लहानपणापासूनच."

तिनं केराबाईला बोलावून घेतलं. केराबाई आत येईना. उंबऱ्याबाहेरच बसली.

"आत ये की," शिवानी म्हणाली.

"न्हाय, हितंच बरी हाय. परत कायतरी बिघडलं म्हनाल."

"राउटरला हात लावलास?"

"त्या डब्याला? मला त्याचं भ्या वाटतं. झाडताना सुदीक लांबनं झाडते. त्यो हिरवा दिवा त्या दिवशी बी जळत व्हता."

"तू घरातच होतीस?"

"व्हय." हे उत्तर आधीच्यापेक्षा हळू आलं.

"फोन कुठं होता?"

"कमरंला. कायम कमरंलाच असतो. बेल वाजलीच न्हाय, ताई."

मी माझा फोन काढून दाखवला. माझ्याही फोनवर त्या दुपारी बेल आली नव्हती.

शिवानीनं तिला पाणी दिलं. पेला घेताना केराबाईचे तळवे दिसले. बोटांच्या मुळाशी फोड येऊन वाळले होते. कातडी निघाली होती.

"हे कशानं?"

"भांडी घासून."

ती गेल्यावर शिवानी बराच वेळ सिंककडे बघत उभी होती. मग म्हणाली, "मामा, भांडी घासून बोटं भेगाळतात. फोड येत नाहीत. आणि ती घरात होती हे खोटं आहे."

४

सिद्धराम आमच्या भागातलं इंटरनेट बघतो. दुसऱ्या दिवशी शिवानीनं त्याला बोलावलं. तो येईपर्यंत तिनं स्वतः सगळं करून पाहिलं होतं. राउटर बंद करून चालू केला, जागा बदलली, चार्जर बदलला, कॅमेरा काढून परत जोडला. काहीच बिघडलेलं सापडेना.

"काय करलालाव काका?" सिद्धराम आत येत म्हणाला. मग शिवानीला बघून, "मॅडम हायत म्हणजे आमचं काय काम?"

"चहा प्यायचं काम. बस. अपडेटनंतर तू आला होतास?"

"एकदा. कुमारनं बोलावलं की. रीस्टार्ट मारला. म्हटलं, नव्या अपडेटचा प्रॉब्लेम आहे, पुढच्या अपडेटात जाईल."

"देवावर सोडलास."

"देव तरी फोन उचलतो. कंपनी उचलत नाही."

शिवानी हसली नाही. "बसवताना काही वेगळं केलं होतंस?"

सिद्धराम आठवू लागला. "चॅनेल बांधला होता. म्हणजे काका, हवेत रस्ते असतात समजा. टीव्हीचा रस्ता मोठा आहे, वेगळा आहे. कॅमेरा आणि बेल स्वस्तातली, ती जुन्या रस्त्यावरनं जातात. त्या रस्त्याला पट्टे असतात. या बिल्डिंगीत सगळ्यांचं वायफाय मधल्या आणि शेवटच्या पट्ट्यात कोंबलेलं. म्हणून मी तुमचं पहिल्या पट्ट्यावर पक्कं केलेलं."

शिवानीनं फोनवर बघितलं. "आता अकराव्या पट्ट्यावर आहे, शेवटाकडच्या. आपोआप निवड, असं लिहिलंय."

"म्हणजे अपडेटनं माझी सेटिंग पुसली." त्यानं कप खाली ठेवला. "मी ते बघितलंच नाही."

"मग हाच दोष झाला की," मी म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं. कुणी माणूस नव्हता, यंत्र होतं.

"नाही मामा," शिवानी म्हणाली. "अपडेट अजून तसाच आहे. पट्टा अजून अकरावाच आहे. मग केराबाई गेल्यापासून तुटणं का थांबलं? नुसत्या अपडेटनं झालं असतं तर आजही तुटलं असतं. कुमारचं तेवढं खरं आहे. केराबाई आणि हे तुटणं एकमेकांना बांधलेलं आहे."

"म्हणजे तिनंच केलं?"

"तिनं राउटरला हात लावला नाही. पण ती जिथं जायची, तिथं काहीतरी आहे. फार लांब नाही. तिच्या फोनला वेगळं नेट नाही, आपलं वायफाय मिळेल एवढंच लांब."

आमच्या पलंगाच्या भिंतीला लागून एकच घर आहे.

५

भिंतीपलीकडे दिपाली राहते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून पार्सलनं पाठवते. पुण्या-मुंबईत गेलेली सोलापूरची माणसं मागवतात. बाटलीवर छापलंय, उखळात कुटलेली. नवरा बार्शीला नोकरीला, शनिवारी येतो.

तिनं डाव्या हातानं दार उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. जिन्यात घसरली होती, त्याला बरेच दिवस झाले.

"या काका. शिवानी, तू पण ये. चहा टाकते, एका हाताचा."

"चहा नको," शिवानी म्हणाली. "मामांनी कालपासून काही खाल्लं नाही. चटणी-भाकरी असेल तर द्या."

मी तिच्याकडे बघितलं. मी सकाळीच जेवलो होतो. पण गप्प बसलो.

दिपालीनं भाकरी मोडून ताटलीत ठेवली. फडताळात तीनच बाटल्या उरल्या होत्या. त्यातली एक उघडली. मी घास घेतला.

चटणीतलं मला कळतं. आमच्या घरात माझ्या आईनं आणि नंतर सुंदरम्मानं जन्मभर ती कुटली. मिक्सरमधून काढली की भुगा होतो, कोरडा, जिभेवर पसरतो. उखळात मुसळानं कुटली की शेंगदाणा तेल सोडतो, चटणीची गोळी वळते. ही वळत होती.

"उखळातली आहे," मी म्हणालो.

"हो मग. बाटलीवर लिहिलंय तसंच देते मी."

"प्लास्टर कधी घातलंत?" शिवानीनं विचारलं. दिपालीनं सांगितलं. शिवानीनं बाटली फिरवून तारीख बघितली. बाटली त्यानंतरची होती.

"ताई, मुसळ दोन हातांनी धरतात."

दिपाली खाली बसली.

"केराबाई यायची," ती म्हणाली. "ऑर्डरी अंगावर होत्या. मी हात जोडले तिला. काका गिरणीत गेले की, काकूंचं सगळं आवरून यायची. फोन जवळ असायचा. बेल वाजली की मुसळ टाकून पळायची. आधी दोनदा पळाली पण होती. काकूंना माहीत होतं. कुटलेल्या प्रत्येक घाण्याची पहिली चिमूट त्यांच्याच जिभेवर जायची. मीठ कमी असलं की त्या एक बोट वर करायच्या."

हे मला ठाऊक नव्हतं. सुंदरम्मानं मला कधी कळू दिलं नव्हतं.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मोठा घाणा होता. दुपारभर कुटत होती. उखळाच्या आवाजात हाक कुठली ऐकू येणार? पण बेल वाजली नाही, काका. फोन माझ्यासमोर होता."

"कुमार तिच्यावर आळ घेत होता तेव्हा तू आमच्याच घरात बसली होतीस," मी म्हणालो.

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, बाई माझ्याकडे होती म्हणून काकू गेल्या."

"तसं नव्हतं का?"

ती एका हातानं ताटली उचलायला लागली.

शिवानीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती ओट्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. "ताई, शेंगा कढईत परतता ना?"

"या हातानं? उलथनं धरता येत नाही. तेव्हापासून मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येच भाजते. ताटली ठेवायची, बटण दाबायचं. एकीकडे मी भाजायची, एकीकडे ती कुटायची. ती गेल्यापासून दोन्ही बंद."

ओव्हन जुना होता. त्याचं दार नीट बसत नव्हतं. दिपालीनं ते सुतळीनं बांधलं होतं. आणि त्याची पाठ आमच्या भिंतीला होती.

"मामा," शिवानी म्हणाली, "घरी जा. आत्याच्या पलंगावर बसा. मी फोन केला की बेल दाबा."

६

सुंदरम्मा गेल्यापासून मी त्या पलंगावर बसलो नव्हतो. गादी उन्हात टाकून परत घातली होती. मी तिच्या जागी बसलो, तोंड भिंतीकडे करून. बटण डाव्या हातात धरलं. भिंतीपलीकडे ओव्हनची घरघर सुरू झाली. मी इतकी वर्षं या घरात राहतो, पण हा आवाज मी दिवसा कधी ऐकला नव्हता. सोमवार सोडला तर दिवसा मी इथं नसायचोच.

शिवानीचा फोन आला. "दाबा."

मी दाबलं. माझा दुसऱ्या हातातला फोन वाजला नाही.

"परत."

परत दाबलं. काही नाही. मी दाबतच राहिलो. बटणावरचा लाल ठिपका दर वेळी लागायचा आणि विझायचा. दाबणाऱ्याला वाटावं, हाक गेली.

घरघर थांबली. थोड्या वेळानं शिवानी म्हणाली, "आता." मी दाबलं आणि फोन वाजला. इतका मोठ्यानं वाजला की मी दचकलो.

ती आत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग तिनं मला नीट सांगितलं. ओव्हन ज्या लहरींनी भाजतो, त्या शेवटच्या पट्ट्यांच्या अंगावर येतात. दार धड असेल तर फार बाहेर येत नाहीत. हे दार सुतळीवर होतं. आमची बेल पहिल्या पट्ट्यावर होती तोवर वाचत होती. अपडेटनं तिला अकराव्यावर नेलं, आणि त्याच सुमारास दिपालीचा हात मोडला. ओव्हन चालू झाला की कॅमेरा आणि बेल तुटायची. टीव्ही वेगळ्या रस्त्यावर, त्याला काही व्हायचं नाही. सोमवारी मी घरी, म्हणून केराबाईला जाता यायचं नाही, म्हणून घाणा नाही, म्हणून ओव्हन नाही. ती कामावरून गेली, घाणे बंद झाले, वायफाय सुधारला.

"हे बटण एकदाच हाक मारतं, मामा. पोचली तर पोचली. नाही पोचली तर ते परत मारत नाही."

"तिनं दाबलं होतं का?"

"ते कळायचा मार्ग नाही. न पोचलेल्या हाकेची नोंद कुठंच राहत नाही. मी बघितलं."

"बटण खाली पडलं होतं."

"झोपेतही पडू शकतं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

सिद्धरामनं संध्याकाळी येऊन चॅनेल परत पहिल्या पट्ट्यावर बांधला. आता त्याचा उपयोग नव्हता. तरी मी बांधू दिला.

७

कुमारला मी फोनवरच सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी अपडेट दिला नसता तर."

"दिपाली जिन्यात घसरली नसती तर," मी म्हणालो. "ते सोड. तू केराबाईवर जे बोललास ते खोटं होतं. ते आधी निस्तर."

तो रविवारी आला. चौकीत जाऊन अर्ज मागे घेतला. बिल्डिंगमधल्या माणसांना बोलावून सांगितलं की राउटर कुणी बंद केला नव्हता, माझी चूक झाली.  केराबाईच्या घरी मात्र तो गेला नाही. "तुम्ही जा अप्पा," म्हणाला आणि पुण्याची गाडी पकडली.

मी आणि शिवानी गेलो. अक्कलकोट रोडच्या पुढे पत्र्याची खोली. केराबाईनं घोंगडी अंथरली, आम्हाला बसवलं.

"अर्ज मागे घेतला," मी म्हणालो. "तू राउटर बंद केला नव्हतास. सगळ्यांना सांगितलंय. ती दोन घरंसुद्धा परत बोलावतील."

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मी बी खोटं बोलले, मालक. मी घरात नव्हते."

"माहीत आहे. दिपालीनं सांगितलं."

"अक्काच म्हनायच्या, जा म्हनून. हातानं सांगायच्या." ती आमच्याकडे बघून अंदाज घेत होती. "तुमाला पटायचं न्हाय."

"पटतं."

ती थोडी सैल झाली. चुलीवर चहा ठेवला. पाठमोरीच बोलत राहिली. "लई वाईट दिस गेलं. सगळी म्हनायची, हिच्यामुळं म्हातारी गेली. मी मनाला म्हनायची, न्हाय. फोन माज्यापाशी व्हता. अक्कांनी हाक मारली असती तर बेल वाजली असती. वाजलीच न्हाय, म्हंजी त्यांनी बोलवलंच न्हाय. निजल्या निजल्या गेल्या, सुखानं. तेवढ्यावर मी जगले बगा. न्हायतर म्या काय केलं असतं?"

शिवानीनं तोंड उघडलं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"मग त्यो डबा का बंद पडायचा?" केराबाईनं चहा पुढे करत विचारलं. "काय निगालं त्याच्यात?"

"अपडेटचा दोष होता," मी म्हणालो. अर्धं खरं होतं. चहा फार गोड होता. मी सगळा प्यायलो.

परत येताना शिवानी रिक्षात माझ्या शेजारी होती. सात रस्ता चौक आल्यावर म्हणाली, "मामा, दिपालीचं प्लास्टर निघालं. तिला परत ऑर्डरी घ्यायच्या आहेत. केराबाई उद्या-परवा तिच्याकडे कामाला जाईल. तिथं तो ओव्हन समोर असेल. दिपालीच्या तोंडून तिला कळण्याआधी तुम्ही सांगा."

"सांगतो."

"कधी?"

मी दिपालीला नवा ओव्हन घ्यायला सांगितलं आहे. जुना भंगारात गेला. केराबाई सोमवारी येऊन माझं घर झाडून गेली, मी नको म्हणत असताना. भिंतीकडच्या पलंगाची चादर तिनं बदलली. मी समोर खुर्चीवर बसून होतो. आम्ही दोघंच होतो आणि वेळही भरपूर होता.

ती दुपारभर उखळाशी होती तेव्हा बेल तुटलेली होती, हे केराबाईला सांगायचं अजून राहिलं आहे.